खिशातली फुगलेली बॅटरी

तुये गावात बॅटऱ्यांचं दुकान चालवणारा तो माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत बोलतो. दर वाक्याला "कळलं मां?" विचारतो. तेच मला खुपायचं. सुर्लेच्या खाणीवर ट्रक चालवण्यात मी केस पिकवले, मला बॅटरी कोण शिकवणार?

पुतण्याने माकडं हाकलायला प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारी, बॅटरीवरची बंदूक दिली होती. तिच्यासाठी काडेपेटीएवढी नवी बॅटरी देताना दुकानदार म्हणाला, "आबा, व्होल्ट म्हणजे टाकी किती उंच, एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती, आणि सी म्हणजे नळाचं तोंड केवढं. ट्रकाचो चार्जर हिका लावू नकात. कळलं मां?"

"माका शिकवतस?" म्हणालो, आणि घरी येऊन ट्रकाचाच चार्जर लावला.

घटकाभरात बॅटरी पावासारखी फुगली. खराब माल दिला म्हणून भांडायला मी ती सदऱ्याच्या खिशात घालून गेलो.

खिसा बघताच तो ओरडला, "हालू नकात!" खिशात हात घालून त्याने बॅटरी ओढली आणि समोरच्या रेतीच्या ढिगाकडे धावला. वाटेतच तिने पेट घेतला. रस्त्यावर माणसं होती, म्हणून ढिगापर्यंत त्याने ती सोडली नाही.

बॅटरी रेतीत टाकून तो माझ्याकडे परत आला. त्याच्या तळहाताचं कातडं सोललं होतं, आणि दुसऱ्या हाताने माझा सदरा चाचपत तो विचारत होता, "छातीक लागलं नाय मां, आबा?"

चूक माझी होती, एवढं मला बोलता आलं नाही. तोंडाने अजून येत नाही, म्हणून लिहिलं.