जरा अलीकडून घे

आमच्या काकूंपुढे बायबलमधलं एखादं वचन नुसतं म्हणून दाखवायची सोय नव्हती. तुम्ही डोळे मिटून, गळा दाटून, कितीही भक्तिभावाने म्हणा; काकू चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "अच्छा. जरा अलीकडून घे." म्हणजे त्या ओळीच्या आधी काय लिहिलंय तिथपासून वाच. ते वाचून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आता सांग, हे कोण कोणाला म्हणून राहिलं?" आम्ही बायकांनी त्यांचं नावच पाडलं होतं, अलीकडून काकू. त्यांना ते माहीत होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं, पण तसं दाखवतील तर काकू कसल्या!

काकू रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि मेट्रन होऊन रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. मी लग्न होऊन अमरावतीहून जबलपूरला आले तेव्हा इथल्या चर्चमध्ये सगळी उपासना हिंदीत. मराठी घरं मोजकी, कोणी कारखान्यात, कोणी रेल्वेत, आणि पोरं तर आईशीसुद्धा हिंदीतच भांडायची. गुरुवारी दुपारी काकूंच्या पुढच्या खोलीत मात्र मराठीतून शास्त्रवाचन चालायचं. पहिल्या गुरुवारी मी मराठी कानावर पडावं म्हणून गेले, खोटं कशाला बोलू! चहासोबत चिवडा असायचा, तेही एक कारण होतं.

शास्त्र वाचायची काकूंची रीत दवाखान्यातलीच. "पेशंट आला की आपण लगेच गोळी देतो का? आधी विचारतो, कधीपासून दुखून राहिलं, काय खाल्लं होतं, घरात अजून कोणाला आहे. वचनाचंही तसंच आहे." बायबलमधलं पौलाचं एखादं पत्र घेतलं की पहिल्या दिवशी ते आरंभापासून शेवटापर्यंत मोठ्याने वाचायचं. मध्ये थांबायचं नाही, अर्थ सांगायचा नाही. एकदा कोणीतरी कुरकुर केली, की इतकं एकदम कसं झेपणार. काकू म्हणाल्या, "माहेरून पत्र आलं तर तू रोज एक ओळ वाचायचीस का गं?"

गटातल्या शालिनीदीदींना बोट ठेवायची सवय होती. काही ठरत नसलं की प्रार्थना करायची, डोळे मिटून पुस्तक उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल तो देवाचा निरोप. पोरीच्या लग्नाची साडी इथल्या कमानिया गेटच्या दुकानातून घ्यावी की नागपूरहून आणावी, यासाठीही त्यांनी बोट ठेवलं होतं आणि बोट पडलं ते सैन्यांच्या मोजदादीवर. आम्ही हसून हसून बेजार. काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दीदी, दवाईच्या कपाटात डोळे मिटून हात घालाल का? शास्त्रही औषधच आहे. वरची चिठ्ठी वाचून घ्यायचं." दीदी रुसल्या, पुढच्या गुरुवारी आल्या नाहीत, आणि त्यानंतरच्या गुरुवारी डबाभर अनारसे घेऊन आल्या.

मला काकूंचं सगळ्यात आवडायचं ते त्यांचं "मला नाही समजलं" हे वाक्य. आमच्याकडे धर्मातलं न समजणं म्हणजे जणू विश्वासातली उणीव. काकू मात्र मराठी पाहायच्या, हिंदी पाहायच्या, चर्चच्या पाळकांना फोन करायच्या, आणि तरीही नाही कळलं तर समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढून म्हणायच्या, "चलो, पुढं." आणि उठायच्या आधी प्रत्येकीने एक सांगायचं: आज वाचलं त्यातलं या आठवड्यात करणार काय? "फार पटलं" असं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. मी एकदा क्षमेवरचं वाचून तसं म्हटलं तर त्यांनी मला सासूबाईंची माफी मागायला लावली होती. ती आठवण अजूनही गोड नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर बरीच वर्षं काही नाही. आमच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना झाली की एक तबक फिरतं. त्यात वचनांची रंगीत कार्डं पालथी घातलेली असतात. प्रत्येकाने एक उचलायचं. ते आपलं वर्षभराचं वचन. त्या वर्षी मला कार्ड आलं त्याचा भाव असा, की तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट भरभराटीचा होईल. माझ्या पोटात तेव्हा दुसरं बाळ होतं, आणि ते यांच्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं. देवाने माझ्याच हातात ठेवलं की हो! यांचा एक मित्र इथल्या रिछाईच्या कारखान्यांच्या भागात वर्कशॉप चालवतो. त्याच्याकडून यांनी ते वचन स्टीलच्या पत्र्यावर कोरून आणलं आणि दारावर लावलं. बाळाचं कळल्यावर काकू आल्या, पत्र्याकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या, "छान कोरलंय" म्हणाल्या आणि मला दूध पिते का ते विचारलं. अलीकडून घे म्हणाल्या नाहीत. मला तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

ते बाळही गेलं. सातव्यातच.

भेटायला आलेल्या बायकांनी समजूत घातली. एक म्हणाली, वचन तर देवाने दिलं होतं, घेणाऱ्याचा विश्वास कमी पडला असंल. दुसरी म्हणाली, मनात काही पाप असंल तर कबूल करून टाक, मोकळं वाटंल. मी शोधत बसले. खरंच शोधत बसले, की मी काय केलं होतं. काही सापडलं नाही, आणि न सापडणं हाच माझा दोष वाटायला लागला. चर्च सोडलं, गुरुवार सोडला. पुस्तक कपड्यांच्या खाली ठेवून दिलं. हे बिचारे मला काही विचारायचेच नाहीत.

मटारचे दिवस आले तेव्हा एका दुपारी काकू दारात. हातात मटारची भली मोठी पिशवी. मझौलीला त्यांचा भाचा शेती करायचा, तो पाठवायचा. येऊन खाली बसल्या, परात मागितली आणि सोलायला लागल्या. मग म्हणाल्या, "ईयोबाचं पुस्तक काढ. पहिल्यापासून वाच. माझे हात गुंतलेत."

"मला वचन नको, काकू."

"वचन कोण देऊन राहिलं? गोष्ट आहे, वाच."

काकूंना नाही म्हणणं कोणाला जमलं होतं, की मला जमावं! वाचलं. ईयोब नावाच्या भल्या माणसाची पोरं एका दिवसात मेली, तिथे मी पुस्तक मिटलं. मटार सोलून झाले, पिशवी झटकून त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत पिशवी घेऊन हजर. पुढे त्या माणसाचे मित्र येतात आणि त्याच्याजवळ नुसते गप्प बसून राहतात. काकू म्हणाल्या, "इथपर्यंत बरे होते लोक. तोंड उघडलं आणि बिघडलं."

काही दिवसांनी आम्ही बिल्दद नावाच्या मित्रापाशी आलो. पोरं गमावलेल्या त्या बापाला तो सांगतो, की तुझ्या पोरांनी पाप केलं असेल, म्हणून देवाने त्यांना त्याचं फळ दिलं. माझ्या अंगाची आग झाली. मेल्याला जरा लाज! तशीच रागाने पुढे वाचत गेले, आणि दोन-तीन ओळींनंतर तेच वाक्य. सुरुवात लहान, शेवट भरभराटीचा. मी मान वर करून दाराकडे बघितलं.

"काकू, हे तर यानं म्हटलंय."

"हाव."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पत्रा बघितला तेव्हापासून."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?" मी अक्षरशः ओरडले. काकूंनी हातातली शेंग परातीत ठेवली. "तू खूश होतीस. इतक्या वर्षांनी तुला खूश पाहिलं. माझी हिंमत झाली नाही, पोरी. चुकलं माझं."

मी त्या दिवशी त्यांना चहा विचारला नाही. त्या दुसऱ्या दिवशी आल्याच. आम्ही वाचत राहिलो. तो माणूस देवाशी भांडतो, मला जन्मालाच का घातलंस म्हणतो, उत्तर मागतो. मित्र त्याला गप्प करतात. आणि अगदी शेवटी देव रागावतो, पण त्याच्यावर नाही. मित्रांवर रागावतो. म्हणतो, माझ्याविषयी हा नीट बोलला, तुम्ही नाही.

ते मी परत वाचलं. मग विचारलं, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"नाही," काकू म्हणाल्या.

मी किती रडले ते विचारू नका. दोन्ही वेळचं रडले. काकूंनी मला जवळ घेतलं नाही, तसल्या त्या नव्हत्या. पण उठल्याही नाहीत. शांत झाल्यावर मी म्हटलं, "शेवटी त्याला देवानं दुसरी पोरं दिली. पण पहिल्यांचं काय, काकू?" काकू म्हणाल्या, "ते मला नाही समजलं." हे घरी आल्यावर मी ते पान पुढे केलं, आणि यांनी न विचारता पत्रा काढून ठेवला. पुढच्या गुरुवारी मी काकूंकडे गेले.

आम्हाला मूल झालं नाही. ते आता मी सांगू शकते, कोणाचा दोष न शोधता.

काकू मागच्या हिवाळ्यात गेल्या. शेवटी शेवटी फार थकल्या होत्या. शेवटचा आठवडा मी रोज दुपारभर त्यांच्याजवळ बसायचे. भेटायला येणारे आपापलं वचन म्हणून जायचे, आणि काकू नुसत्या मान हलवायच्या. एका दुपारी आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "काही वाचू का?"

"नको. तुझ्या लेकरांची नावं काय ठेवली होतीस?"

मी ठेवली होती. मनातल्या मनात, दोघांचीही. आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांचं पांघरूण सारखं करायला लागले.

"सांग ना," काकू म्हणाल्या. "मी तिकडं जाऊन राहिले. हाक मारायला नाव नको का?"

मी सांगितली. हे तेवढ्यात मला न्यायला येऊन दारात उभे होते. त्यांनीही ती पहिल्यांदाच ऐकली.