बारा टेप आणि एक वीत

टाचणीला टाचणी हे नाव तिच्या बाबांनीच ठेवलं. शिंप्याची पोर, अंगाने काटकुळी, आणि जिथे बसेल तिथे कुणाला तरी टोचणार. एकोणिसाव्या वर्षी ती वेगवान गोलंदाज म्हणून देशाच्या संघात गेली, तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, "आम्हाला माहीतच होतं." डोंबल माहीत होतं! हीच माणसं काच फुटली की दुकानावर चालून यायची.

तिचा रनअप बाबांनी मोजून दिलेला, बारा टेप. दुकानामागच्या बोळात त्यांनी मापं घ्यायची टेप बारा वेळा अंथरली आणि खडूने खूण केली. पुढे प्रत्येक सामन्याला ती तीच टेप गळ्यात अडकवून न्यायची आणि त्या दिवशी दुकानात मापं घेणं बंद. परदेशी निघताना मात्र बाबांना मोठेपणा सुचला. "देशाकडून खेळणारी मुलगी जुनी टेप नेते होय?" म्हणून तिला कोरी करकरीत टेप दिली.

पहिल्या सामन्यात पाच नोबॉल. त्यातल्या एकावर समोरच्या कर्णधारीणबाईंचा त्रिफळा उडाला. टाचणी अर्धं मैदान नाचून आली, मग तिला पंचांचा आडवा हात दिसला. कोच म्हणाले, "परवा शेवटची संधी. पुन्हा रेघ ओलांडलीस तर बाटल्या वाहायच्या."

तिने घरी फोन लावला. दुकानात आई काजं करत होती, आणि पाववाला कमरेत घट्ट झालेली नवी पँट घेऊन भांडायला आला होता.

"बाबा, पाय रेघेपुढे पडतोय. चांगला वीतभर."

"मग पायाला सांग. मला काय सांगतेस?"

"अहो, बारा टेपच मोजतेय मी!"

आईला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. तिने सुई खोचून ठेवली. "ती जुनी टेप जरा टेबलाच्या पट्टीला लावून बघा हो."

"तीस वर्षं वापरतोय मी ती."

"म्हणूनच म्हणते."

कापड कापायच्या टेबलाला इंचांच्या खुणांची लोखंडी पट्टी ठोकलेली होती. बाबांनी टेप तिच्यावर पसरली. टेपचे साठ इंच पट्टीवर पावणेएकसष्ट भरले. ओढून ओढून लांबली होती बिचारी. बारा टेपांत फरक झाला नऊ इंचांचा, म्हणजे वीत. नव्या टेपने पोर वीतभर पुढून धावत होती.

पण भानगड तिथेच संपत नव्हती. माप घ्यायचं लांबलेल्या टेपने आणि कापड कापायचं त्या पट्टीवर, म्हणजे सगळ्या गल्लीचे कपडे घट्ट! आणि तक्रारीला बाबांचं ठरलेलं उत्तर, "माप दिल्यापासून तुमचं खाणं वाढलंय." त्या एका वाक्यापायी पाववाल्याने दोन वर्षं रात्रीचं जेवण सोडलं होतं, आणि आता तो समोर कान टवकारून उभा.

"बाबा? आहात ना?"

बाबा खाकरले. आवाज हळू करता आला असता, केला नाही. "टाचणे, खूण वीतभर मागे घे. तुझा पाय बरोबर आहे. माझी टेप खोटी."

परवाचा सामना सगळ्यांनी दुकानातल्या टीव्हीवर पाहिला. तिसऱ्याच षटकात कर्णधारीणबाईंचा पुन्हा त्रिफळा. या खेपेला टाचणीने नाचण्याआधी पंचांकडे पाहिलं. हात खालीच होता.

"मास्तर, माझी पँट?" पाववाल्याने विचारलं.

"अर्धा इंच सोडून ठेवलीय," बाबा डोळे पुसत म्हणाले.

"आणि माझी दोन वर्षांची जेवणं?"

"गप्प बसा हो जरा," आई म्हणाली, "पुढचा चेंडू बघू द्या."