बैलांच्या पुढं चालणारी माय

शाळा मी चौथीत सोडली आणि वडील गेल्यावर गोदाकाठचं गाव सोडून कळंबला आलो. तिथं तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांच्या अर्ज्या लिहिणारे एक मुन्शीजी होते. तेव्हा कचेरीचं काम उर्दूत चाले अन् माझं उर्दू अक्षर बरं, म्हणून त्यांनी मला हाताशी घेतलं. राहायला घरामागची खोली दिली. चूल माझी वेगळी, पण पीठ त्यांच्याच घरचं. ते पीठ अजून अंगात आहे असं वाटतं.

येडशीच्या स्टेशनावर माल कारकुनाची जागा निघणार होती. माणूस मिडल शाळेची परीक्षा पास झालेला अन् इंग्रजी येणारा हवा होता. नोकरीबरोबर खोली होती, म्हणजे गावाकडं एकटी पडलेली माय माझ्याजवळ येऊ शकली असती. बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं. हिशेब, उर्दू यांची धास्ती नव्हती. धास्ती होती ती इंग्रजी निबंधाची.

कळंबच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर संध्याकाळी मुन्शीजींकडं पान खायला येत. एक पैसा न घेता त्यांनी मला एबीसीडीपासून शिकवलं. वाक्यं जमायला लागली तसा त्यांनी पहिला निबंध दिला, गावातली विहीर. मी जीव ओतून लिहिला. मास्तरांनी वाचला अन् कागद मांडीवर ठेवला.

"हे कुणाला लिहिलंयस?"

"परीक्षकांना."

"हुजूर मेहेरबान आहेत, तू नाचीज आहेस, यातच अर्धं पान गेलं. विहीर आली दोन ओळींत. अन् शेवटी काय, तर विहिरीवर अन् लिहिणाऱ्यावर दयेची नजर असावी?"

हसता हसता त्यांना ठसका लागला. मला वाटलं, संपलं, येडशी गेली. पण मुन्शीजींना राग आला.

"त्यात काय चुकलं, मास्तर? साहेबाला सलाम न करता एकदम विहीर कशी दाखवायची?"

मास्तरांनी डोळे पुसले. "बरं मुन्शीजी, तुमच्या एका अर्जीत तक्रारी किती असतात?"

"एकच. दोन घातल्या तर साहेब सोपी तेवढी निकालात काढतो."

"अन् लई जुलूम झाला, लई जुलूम झाला, असं लिहिता का?"

"छे. कुणी, कुठं, कुणाच्या बांधावरून काय नेलं, तेवढं लिहायचं. जुलूम साहेबाला आपोआप दिसतो."

मास्तर माझ्याकडं वळले. "ऐकलंस? निबंध म्हणजे दुसरं काही न्हाय. सलाम काढून टाक, बाकी अर्जीच लिही."

"आज सलाम काढायला लावतोय," मुन्शीजी पानाला चुना लावत म्हणाले, "उद्या माझ्या पोराची टोपीबी काढायला लावील."

'माझ्या पोराची' म्हणाले ते. मी मान खाली घालून कागद गोळा केले.

परीक्षा धाराशिवला होती. कागदोपत्री उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. पेपर उलटला तर विषय होता बैलगाडीचा प्रवास. हात आपोआप हुजुरांना सलाम करायला निघाला. मी टाक दौतीवर टेकवून थांबलो. एकच तक्रार. कुणी, कुठं, काय नेलं.

मग मी गाव सोडलं तो दिवस लिहिला. गाडी मामा हाकत होता, पण बैल मायच्या हातचे. ती दारात उभी, तर बैल पाऊल उचलेनात. मामानं शेपट्या पिरगाळल्या, शिव्या घातल्या, तरी उपयोग नाही. शेवटी माय पदर खोचून पुढं झाली अन् चालायला लागली. तिच्यामागं बैल, बैलांमागं गाडी, गाडीत मी. असं तिनंच मला ओढ्यापर्यंत नेऊन सोडलं. वाटेत बैलांना म्हणत होती, "चला की रं, तुमचं काय जातंय?"

जू याला इंग्रजी शब्द मला ठाऊक नव्हता. मानेवरचं लाकूड असं लिहिलं. ओढ्यापाशी माय काठच्या बाभळीआड झाली, बैलांना पाण्यापलीकडची वाट दिसली, गाडी गेली. तिथंच मी निबंध थांबवला. जागा बरीच उरली होती. दयेची मागणी करायला भरपूर होती. नाही केली.

निकाल लागेपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. मास्तर यादी बघून आले तेव्हा मी कुणाच्या तरी हरवलेल्या शेळीची अर्जी लिहीत होतो. "पास," एवढंच म्हणाले. मुन्शीजींनी शेळीवाल्याला बसवून ठेवलं, एका पोराला गुळाची ढेप आणायला पिटाळलं, अन् कचेरीसमोर येईल त्याला, शिरस्तेदारालासुद्धा, गूळ खाऊ घातला. वर प्रत्येकाला सांगत होते, "निबंध आमच्या अर्जीच्याच चालीवर लिहिलाय."

येडशीची जागा मिळाली. माय आली, खोलीचा कोपरा न् कोपरा झाडून काढला, मग विचारलं, "असं काय लिहिलंस रं, की त्यांनी तुला नोकरी दिली?"

मी सगळं मराठीत सांगितलं. दार, मामा, ओढा, बाभळ. ती चूल पेटवता पेटवता ऐकत होती.

"बैल कुठल्या रंगाचे ते घातलंस का?"

"न्हाय."

"मग अर्धंच लिहिलंस की," ती म्हणाली, अन् फुंकणी उचलली. धूर लई झाला होता. दोघांचेही डोळे भरलेले होते अन् दोघंही हसत होतो.