कळलावीची मुळी

आमच्या गावात आणि शेजारच्या वाड्यांत मिळून किती बाळंतपणं केली, हे नागुबाईला सांगता यायचं नाही. पण कोणत्या बाईनं किती वेळ कळा सोसल्या, हे तिला वीस वर्षांनीही आठवायचं. मी आयुष्यभर दगड फोडला; आता हात थांबले आहेत. मेहनत कशाला म्हणतात ते मला कळतं. तिच्याइतकं नेमकं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. औशापलीकडच्या आमच्या गावात सलग दुसऱ्या वर्षी दुष्काळ. मी रोजगार हमीच्या खाणीवर होतो. बायको सिंधू पहिलटकरीण. तिचं माहेर भोकरकडे, पण तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी ठरलं.

आठवा सरला आणि नागुबाई रोज येऊ लागली. बरोबर घरी काढलेलं एरंडेल. एरंडी भाजायची, कुटायची, पाण्यात उकळायची, वर आलेलं तेल पळीनं काढायचं. अर्धा दिवस राबून एक बाटली भरायची. ते तेल ती सिंधूच्या कमरेला आणि मांड्यांना चोळायची. प्यायला थेंब द्यायची नाही. नववा भरत आला तेव्हा तिनं आणखी एक हुकूम काढला, रोज सकाळी सिंधूनं गुडघे टेकून अंगण सारवायचं. टँकर चार दिवसांनी यायचा. सारवायला पाणी कुठलं, म्हणून मी कुरकुरलो. ती म्हणाली, "मग कोरडाच हात फिरव म्हणावं. पर गुडघ्यावर." मला ते वाया गेलेलं काम वाटलं.

नववा भरला. वर दहा दिवस गेले, तरी कळा नाहीत. माझ्या आईचा धीर सुटला. तिची थोरली लेक बाळंतपणात अडून गेली होती. आईनं मला कळलावीची मुळी आणायला सांगितली. ही मुळी उगाळून अडलेल्या बाईच्या तळपायाला लावली की कळा येतात, असं आमच्याकडे मानतात. बाळ झालं की पाय लगेच धुवायचे.

वेल कधीच वाळून गेला होता. पण श्रावणात खाणीच्या कुंपणावर त्याची तांबडी-पिवळी फुलं मी पाहिली होती. बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. पहार घेऊन गेलो. वीतभर मुरूम फोडायला तास गेला. मुळी नांगरासारखी वाकडी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं ती सहाणेवर उगाळली. मग आम्हा मायलेकरांना वाटलं, नुसती पायाला लावून कळा येतात, तर पोटात दिल्यावर लवकर येतील. घण जोरात मारला की दगड लवकर फुटतो, एवढंच मला माहीत. आईनं ती गुळाच्या पाण्यात कालवून वाटी सिंधूच्या हातात दिली.

तेवढ्यात नागुबाई दारात आली. तिनं सहाणेकडे पाहिलं, वाटी काढून घेतली, सिंधूला जीभ दाखवायला लावली. अजून ओठाला लागलं नाही, असं सिंधूनं सांगितल्यावरच ती खाली बसली.

ती आईला म्हणाली, "लक्षुमे, हे इख हाय. पोटात गेलं तर दोन्ही जीव जातील."

आई रडायला लागली. नागुबाईनं तिला समजावलं नाही. सिंधूला निजवून तिच्या पोटावर बराच वेळ हात फिरवला आणि मला बाहेर बोलावलं. बाळ आडवं होतं. पंधरा दिवसांपासून आडवंच. गुडघ्यावरचं सारवण अंगणासाठी नव्हतंच, बाळ फिरावं म्हणून होतं. सिंधू घाबरेल म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, नुसती पायाला लावली असती तर?

"तरी बी न्हाई. हिला कळ आणायचीच न्हाई. पोराला वाट न्हाई. लातूरला न्यायचं, आत्ता."

खाणीवरून खडीचा ट्रक लातूरला निघाला होता. सिंधू आणि नागुबाई केबिनमध्ये, मी मागं खडीवर. ड्रायव्हर बसवराजनं तीस किलोमीटरला दोन तास लावले. खड्डा दिसला की नागुबाई त्याचा हात धरायची, असं त्यानं नंतर सांगितलं. दुपारी दवाखान्यात पोट कापून बाळ काढलं. मुलगी. दोघी सुखरूप.

नागुबाई पायरीवर बसली होती, तेलाची बाटली मांडीवर. मावशी, तुमच्यामुळं वाचल्या, असं मी म्हणालो. तिनं मान हलवली.

"तुमची चूक एका सकाळची, शेषा. मी पंधरा दिवस वाट बघत राहिले. माझ्या हातानं फिरंल म्हणून."

गावी आल्यावर उरलेली मुळी तिनं मला पुरायला लावली. मी हातभर खणलं. ती येऊन बघून गेली, म्हणाली, अजून हातभर. मी खणलं.

त्यानंतर बाळ हाताला आडवं लागलं की ती त्याच दिवशी घरच्यांना सांगायची आणि स्वतः बाईला घेऊन लातूरला जायची. लोक टोमणे मारायचे, नागुबाईच्या हातातला गुण गेला, आता ती बायका ट्रकात घालून नेते. व्हय, नेते, असं म्हणून ती बाटली पदराखाली घ्यायची आणि पुढच्या घरी तेल लावायला जायची.