चिंचोक्यांचे पाढे

तिसरीत मी एकदा नापास झाले होते, आणि दुसऱ्यांदाही होणार अशी घरात सगळ्यांची खात्री होती. कारण एकच. मला पाढे म्हणता येत नव्हते. माझी जीभ अडखळायची. घरात आईशी बोलताना थोडी, परक्यासमोर फार, आणि शाळेत मास्तरांनी बोट दाखवून उभं केलं की अजिबातच हलायची नाही. ‘पाच साते पस्तीस’मधल्या पहिल्याच ‘प’वर ओठ मिटायचे ते मिटायचेच. मागच्या मुली खुसखुसायच्या आणि मास्तर म्हणायचे, “बस खाली. तुला आकडा यायचा नाही.”

तेव्हा बडोद्यात महाराजांनी शिक्षण सक्तीचं केलं होतं. मुलगी चार दिवस दिसली नाही तर शाळेतून घरी चिठ्ठी यायची. नाहीतर मला कधीच घरी बसवलं असतं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सरकारी दफ्तरात कारकून होते. हजार माणसांच्या अर्जांना ते न चुकता क्रमांक घालायचे, आणि त्यांच्याच मुलीला सातचा पाढा येत नाही हे त्यांना फार लागायचं. रागवायचे मात्र नाहीत. संध्याकाळी परवचा म्हणताना माझी पाळी आली की ते उठून अंगणात जायचे. त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

दिवाळीनंतर आमच्या शाळेत नवीन बाई आल्या. नवसारीहून बदलून आल्या होत्या. उंच, सावळ्या, उजव्या पायाने जराशा लंगडत चालायच्या. शाळेत बाईमाणूस शिकवायला येणं आम्हाला नवंच होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी पाढ्यांचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि सांगितलं, “उद्या प्रत्येकीने दोन ओंजळी चिंचोके आणायचे. धुऊन, वाळवून.”

चिंचोके आम्ही खेळायला आणायचो, ते शाळेत सापडले तर छडी मिळायची. त्यामुळे दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली रिकाम्या हाताने आल्या, काहींनी परकराच्या ओच्यात लपवून आणले. बाईंनी आम्हाला जमिनीवर बसवलं आणि म्हणाल्या, “एका ओळीत सहा मांडा. अशा सात ओळी करा.”

मांडून झाल्यावर त्या माझ्यापाशी येऊन थांबल्या. “किती झाले?”

मी तोंड उघडलं. “बे... बे...” बेचाळीस माहीत होते, मी मोजले होते. पण शब्द येईना. मागून खुसखुस सुरू झाली. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. घाई नसल्यासारख्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. दुखरा पाय जरा बाजूला पसरला. मग म्हणाल्या, “तोंडाने राहू दे. आता तू उठून या बाजूला ये. इथून बघ. आता एका ओळीत किती दिसतात?”

मी त्यांच्या बाजूला गेले. इकडून ओळीत सात दिसत होते, आणि ओळी होत्या सहा. एकही चिंचोका हलवला नव्हता. म्हणजे सहा साते आणि सात सक एकच! हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी एकदा इकडे, एकदा तिकडे अशा चार-पाच फेऱ्या मारल्या आणि मला हसू फुटलं. शाळेत मी हसले ती बहुतेक तीच पहिली वेळ.

“म्हणजे अर्धेच पाढे पाठ करायचे,” बाई हळूच म्हणाल्या. “उरलेले अर्धे पलीकडच्या बाजूला जाऊन बघायचे.”

त्यानंतर शाळेत जायची मला घाई व्हायला लागली. रोज काहीतरी हाताने करायचं असे. एकदा आम्ही शाळेचं अंगण पावलांनी मोजलं. माझी चौऱ्याऐंशी पावलं झाली, माझ्या मैत्रिणीची एक्क्याण्णव आणि बाईंची साठ. आमच्यात भांडण जुंपलं. मैत्रीण म्हणाली, “बाईंचं अंगण लहान आहे!” बाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी दोरी आणली, दोरीला हाताहातावर गाठी मारल्या आणि सगळ्यांना त्याच दोरीने मोजायला लावलं. सगळ्यांचं उत्तर एक आलं तेव्हा भांडण मिटलं.

संक्रांतीनंतर शाळेच्या छपरावर कटलेले पतंग येऊन पडले होते. शिपायाने ते काढून दिले. बाईंनी प्रत्येकीला एकेक चौकोनी पतंग दिला, कामट्या काढायला लावल्या आणि कागदाची घडी घालायला सांगितलं. एक घडी, अर्धा. दुसरी घडी, पाव. तिसरी घडी, अर्धपाव. उलगडला की घड्यांच्या रेषा दिसायच्या. निमकी आणि पावकी म्हणजे निम्म्याचे आणि पावाचे पाढे, त्यांची मला धडकी भरायची. ते कागदाच्या रेषांत असे निमूट पडलेले मी पहिल्यांदा पाहिले.

बाई मला वर्गात कधी बोलायला लावत नसत, पण मी बोलायला लागले तर थांबत. कितीही वेळ लागला तरी माझा शब्द त्या स्वतः पुरा करत नसत. लोक चांगल्या मनाने माझे शब्द पुरे करायचे आणि मला रडू यायचं. हे बाईंना कसं कळलं होतं कोण जाणे.

एका सकाळी आई दारात रांगोळी काढत होती. आई कधी शाळेत गेली नव्हती. तिला अक्षर येत नव्हतं, आकडाही लिहिता येत नव्हता, पण तिची रांगोळी बघायला शेजारच्या गुजराती काकी मुद्दाम यायच्या आणि “केवी सरस!” म्हणून उभ्या राहायच्या. त्या दिवशी ती एक ते सात ठिपक्यांची काढत होती. वर एक ठिपका, खाली दोन, मग तीन, असं सातपर्यंत वाढवत न्यायचं आणि परत एकेक कमी करत एकावर आणायचं. मी पायरीच्या कोपऱ्यावर बसून दात घासत होते. मान तिरकी होती. आणि तिरकं बघताना मला एकदम दिसलं की ते ठिपके वर-खाली कमी-जास्त नाहीतच. कोपऱ्यातून पाहिलं तर सात-सातच्या सरळ सात ओळी आहेत. चौकोनच आहे तो, फक्त टोकावर उभा केलेला!

“आई, ए... ए... एकोणपन्नास!” मी ओरडले.

“काय एकोणपन्नास?”

मी तिला दंडाला धरून ओढतच पायरीवर आणलं. तिच्या हाताची रांगोळी माझ्या परकराला लागली. “इथून बघ. मान अशी कर.” तिने पदर सावरत मान वाकडी केली. मग बोटाने हवेत ओळी मोजल्या. सात. पुन्हा सात.

“अगं बाई,” ती म्हणाली, “लग्नाच्या आधीपासून काढतेय मी ही. असं कधी बघितलं नाही.”

शाळेत मी ते बाईंना पाटीवर काढून दाखवलं. त्यांनी पाटी हातात घेतली, तिरकी धरली, सरळ धरली, पुन्हा तिरकी धरली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे मला माहीत नव्हतं.” एवढंच. पण शिकवणारं माणूस मुलीला ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणू शकतं, याचं मला इतकं आश्चर्य वाटलं की मी घरी जाऊन ते तीनदा सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळा तपासायला साहेब आले. काळी टोपी, जाड भिंगांचा चष्मा. तोंडी परीक्षा तेच घ्यायचे. माझं नाव पुकारलं आणि म्हणाले, “सातचा म्हण.”

मी उभी राहिले. “सा... सा...” साहेबांनी घड्याळ पाहिलं. “येत नाही?” असं म्हणून ते पेन्सिल उचलून पुढे जाणार, तोच बाई म्हणाल्या, “साहेब, तिला येतो. म्हणता येत नाही. मांडून दाखवू द्या.”

“परीक्षा तोंडी आहे, बाई. तसा नियम आहे.”

“हो. पण ती आकड्यांची आहे ना? जिभेची तर नाही?”

साहेबांशी असं कुणी बोलल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. बाईंचा आवाज चढलेला नव्हता, पण हजेरीचं पुस्तक त्यांनी छातीशी घट्ट आवळून धरलं होतं. ते मला दिसलं आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली. त्या माझ्यासाठी घाबरत होत्या. मग मी पुढे झाले, खडू उचलला आणि फरशीवर ठिपके काढायला लागले. एक, दोन, तीन, असं करत नऊपर्यंत नेले आणि परत एकावर आणले. मग साहेबांना खुणेने मिळवणी करायला सांगितली.

त्यांनी खरंच वहीत मिळवणी केली. वेळ लागला. त्यांचं उत्तर यायच्या आत मी फरशीवर लिहिलं: ८१.

साहेबांनी वही पाहिली, फरशी पाहिली. “कसं केलंस?”

मी त्यांना कोपऱ्याकडे यायची खूण केली आणि मान तिरकी करून दाखवली. साहेब आले. आणि त्या काळ्या टोपीवाल्या साहेबांनी, सगळ्या वर्गासमोर, मान तिरकी केली. टोपी घसरली, ती त्यांनी हाताने धरली. मुली फिसकन हसल्या, पण या वेळी माझ्यावर नाही.

“नऊ नवे,” ते पुटपुटले. मग खुर्चीत बसून म्हणाले, “पाटी घे. सातपासून बारापर्यंतचे पाढे लिहून दाखव.” मी लिहून दाखवले. आठ आठे चौसष्टच्या जागी त्रेसष्ट लिहिलं, ते खोडून सुधारलं. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, ‘हिची परीक्षा लेखी घ्यावी.’ मी पास झाले.

त्या संध्याकाळी परवच्याच्या वेळी दादा उठून अंगणात गेले नाहीत. माझी पाळी आल्यावर त्यांनी माझ्यापुढे पाटी सरकवली. मी लिहीत होते आणि ते मोठ्याने वाचत होते. माझा पाढा, त्यांचा आवाज. पुढे कित्येक महिने आमचा परवचा असाच चालला.

बाईंची पुढच्या वर्षी अमरेलीला बदली झाली. मी त्यांना दोन पत्रं लिहिली, त्यांचं एक उत्तर आलं. अक्षर मोठं, गोल. माझं अडखळणं पुरतं कधी गेलं नाही, आजही टेलिफोनवर बोलायचा मला कंटाळा येतो. तरी मी ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं.

पण त्या वर्षी जे सगळ्यात मोठं झालं ते आमच्या स्वयंपाकघरात झालं. परीक्षेनंतर आठवड्याभराने, दुपारी भांडी घासून झाल्यावर, आई माझ्या शेजारी येऊन बसली आणि पाटीकडे न बघता म्हणाली, “तो एकोणपन्नास लिहितात कसा, दाखव बरं मला.” मी चार काढला, मग नऊ. तिने नऊ उलटा काढला. आम्ही दोघी खूप हसलो. पावसाळा संपेपर्यंत तिला शंभरपर्यंत आकडे आले, आणि त्यानंतर तीच म्हणाली, आता अक्षरं. पुढच्या वर्षी ती बायकांच्या वाचनालयात जायला लागली, डोक्यावरून पदर घेऊन, काकींना सोबतीला घेऊन. मी पण कधीकधी जायची. पुस्तक उघडलं की ती आधी पानाच्या कोपऱ्यातला आकडा वाचायची, ओठ हलवत, सावकाश. आणि मग मजकूर.