एका वायरीतला समीक्षक

समीक्षकाशी दोस्ती असली की किस्से आपोआप साठतात, फुकट पास मात्र कधी मिळत नाहीत. आमचा विलास अंबरनाथच्या केमिकल कंपनीत नोकरीला, आणि उरलेल्या वेळात यूट्यूबवर नव्या सिनेमांची, कॉमेडी स्पेशल्सची सालं काढणारा. व्हिडिओ मी शूट करतो, म्हणून त्याच्या शिव्यांत माझाही वाटा असतो.

*

विलासच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या, किडन्या गेल्या आणि उल्हासनगरला डायलिसिस सुरू झालं. विलासने कायमची रात्रपाळी मागून घेतली. दिवसा तो वहिनींच्या बेडशेजारी बसायचा, मोबाइलवर सिनेमा लावायचा. इअरफोन एकच. डावा वहिनींच्या कानात, उजवा याच्या. त्या काळातले सगळे सिनेमे त्याने असेच पाहिले.

*

एका भुताच्या सिनेमात भूत नेमकं डावीकडून यायचं. वहिनी दचकायच्या, हात हलायचा, मशीनचा अलार्म वाजायचा आणि सिस्टर धावत यायची.

"काका, भूतबित इथे नको. घरी बघा."

रिव्ह्यूत विलास म्हणाला, "घाबरवण्यात सिनेमा साफ फसलाय. मला भीती वाटली ती फक्त सिस्टरची."

*

एका मर्डर मिस्टरीला तर त्याने धुऊन काढलं. "खुनी मागून येतो आणि पावलांचा आवाजच नाही! साउंड कोणी केलंय?"

खाली कॉमेंट्सचा पाऊस. "अंकल, दुसरा इअरफोन पण कानात घाला."

मी म्हटलं, एकाच कानाने ऐकलं, चूक झाली असं सांगून टाकू.

"आणि सुनंदा तो व्हिडिओ बघेल, तिला वाटेल तिच्यामुळे झालं, त्याचं काय?" विलास म्हणाला.

व्हिडिओ आजही तसाच आहे. शिव्याही येतात अजून.

*

कॉमेडीसाठी त्याचा नियम सोपा होता. वहिनी हसल्या तर पास. बरेच महिने सगळे नापास होत होते.

मग एक पोरगा स्टेजवर हॉस्पिटलमधल्या पेशंटची टिंगल करायला लागला. विलासचं डोकं फिरलं, तो बंद करायला गेला.

"अहो, राहू द्या. खरं बोलतोय तो," वहिनी म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

त्या पोराला पाच स्टार देताना विलास कॅमेऱ्यासमोर रडला. लोकांनी लिहिलं, ओव्हरॲक्टिंग.

*

उल्हासनगरात आमच्या सिंधी दोस्ताचं, लच्छूचं, मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. कॉमेंट्स वाचून तो बिचारा एका मोबाइलला दोन इअरफोन लागतील अशी जोडणी आणि इअरफोनचे दोन सेट घेऊन हॉस्पिटलात आला. "भाभी, आता दोघं पण फुल आवाज ऐका. विलास साईं की इज्जत का सवाल है."

वहिनींनी ते सगळं त्याला परत दिलं.

"नको भाऊ. वायर तोकडी आहे म्हणून हे जवळ बसतात."

लच्छू खाली येऊन बराच वेळ स्कूटरवर नुसता बसून होता.

*

दिवाळी झाली आणि वहिनी गेल्या. विलासने नवे व्हिडिओ टाकणं बंद केलं. घरात टीव्हीही लावत नव्हता. हा माणूस आता आपल्या हातून जातो, अशी भीती मला आणि लच्छूला वाटत होती.

शेवटी आम्ही दोघांनी त्याला जबरदस्तीने बदलापूरच्या थिएटरात नेलं. सिनेमा विनोदी होता, लोक हसत होते. विलास शेवटपर्यंत बसला, पण सारखा डाव्या कानावर हात ठेवत होता.

बाहेर पार्किंगमध्ये मी मोबाइल त्याच्यासमोर धरला. "बोल, कसा वाटला?"

त्याने हाताने मोबाइल खाली केला.

"डावीकडून फार आवाज येतो रे," एवढंच म्हणाला.