वहिनीची खळ आणि दोन उपग्रह

परवा कोपरला दादाकडे गेलेले. दारातच खळीचा वास आला... वहिनी ओट्यापाशी उभी राहून पातेलं ढवळत होती. शाळेची नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, पण बाईंना कॉटनची साडी कडक लागते म्हणजे लागतेच!

आणि मला एकदम ठाण्याचं आमचं कॉलेज आठवलं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी फिजिक्समध्ये एमएससी करत होते, आणि घरात रोज जेवताना एकच विषय... मुलीचं पुढे काय? बाबा म्हणायचे, बँकेच्या परीक्षा दे. आई म्हणायची, पुण्याला रिसर्चला जाऊ दे तिला. दोघंही सारखेच हट्टी, त्यामुळे माझं घोडं तिथेच अडलेलं.

शेवटी ठरलं की फायनल सेमिनार काय तो निकाल लावेल. पुण्याहून एक प्राध्यापक ऐकायला येणार होते. त्यांना पटलं तर रिसर्चची जागा, नाहीतर गुपचूप बँक.

विषय मी हौसेने निवडलेला. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आजूबाजूचा अवकाशही किंचित आपल्यासोबत ओढून नेते, असं सापेक्षतावाद सांगतो. ते तपासायला अंगभर आरसे लावलेले दोन गोल उपग्रह वर फिरत होते... जमिनीवरून त्यांच्यावर लेसर मारायचा, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, अगदी सेंटिमीटरपर्यंत! पहिले निकाल नुकतेच आले होते आणि मी त्यांनी पार वेडी झालेले.

ही ओढ दाखवायला मी एक घरगुती प्रयोग शोधलेला. काकवीत रवी एकाच दिशेने हळूहळू फिरवायची... वर तरंगणारे मिरीचे दाणे रवीला न शिवताही तिच्याभोवती सरकायला लागतात. डबाभर काकवी खास त्यासाठी आणून ठेवली होती.

सेमिनारच्या दिवशी सकाळी डबा उघडला, तर रिकामा! आदल्या दिवशी मामा आलेला, आईने घावन केले, आणि काकवीचा फडशा पडला. मी रडकुंडीला आले, तर आई उलट माझ्यावरच चिडली. "अगं, काकवी खायची असते, शिकवायची नसते!"

वहिनी तेव्हा आमच्या घरात तशी नवीनच होती. तिची दुपारची शाळा, आणि नेमकं त्याच दिवशी इन्स्पेक्शन. ठेवणीतली साडी बादलीत भिजत होती, गॅसवर खळ होती. खळ करायची, साडी वाळवायची, इस्त्री मारून निघायचं, असा तिचा सगळा बेत.

तिने पातेलं माझ्यासमोर सरकवलं. मग स्वतःच ती खळ गाळली, अजून आटवली, गार केली, मिरीचे दाणे टाकून पाहिले... दाणे बुडाले की पुन्हा गॅसवर. दाणे नीट सरकायला लागले तोवर साडी वाळवायची वेळ निघून गेली होती. "वन्सं, निघा आता," एवढंच म्हणाली.

डबा मांडीवर धरून ठाण्याला गेले. प्रयोग झकास झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या... पण पाहुण्या सरांनी चष्मा काढून नेमकं वर्मावर बोट ठेवलं. पृथ्वी मध्यभागी फुगीर आहे, त्या फुगवट्याने उपग्रहाची कक्षा प्रचंड सरकते. मग ही तुमची वर्षाला जेमतेम दोनेक मीटरची ओढ त्यातून ओळखायची कशी?

मी म्हटलं, सर, म्हणून तर दोन उपग्रह. कक्षा एकमेकींच्या उलट तिरक्या ठेवल्या, तर फुगवटा एकीला इकडे ढकलतो, दुसरीला तिकडे. बेरीज केली की ती ढकलाढकल फिटते... आणि जी ओढ दोघींना एकाच दिशेला नेते, ती तेवढी उरते. प्रत्यक्षातल्या कक्षा इतक्या सोयीच्या नाहीत, त्यामुळे गणिताची बरीच खटपट लागते, पण कल्पना हीच.

बोलता बोलता मी थांबले. डोळ्यांसमोर आमचं जेवणाचं टेबल आलं... बाबा इकडे, आई तिकडे, बेरीज शून्य. मग मी इथवर आले कशी? माझी पोळ्यांची पाळी असली की "माझा हात आधीच पिठात आहे, तुम्ही जा अभ्यासाला" म्हणणारी एकच होती. रोज म्हणायची, आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मी रवी डब्यावर ठेवून डोळे पुसले. सर म्हणाले, पाणी घ्या, उत्तर बरोबर आहे.

जागा मिळाली. पेढे बाबांनीच आणले!

परवा ओट्यापाशी मी वहिनीला विचारलं, त्या दिवशी तुझ्या शाळेत काय झालं गं? ती हसायलाच लागली. रोजचीच साडी कशीबशी गुंडाळून गेलेली, तर मुख्याध्यापिकाबाईंनी म्हणे सगळ्यांदेखत विचारलं, आजच्या दिवशी साडी अशी चुरगळलेली कशी?

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं... खळ ठाण्याला गेलीय. तिथून पुण्याला जाणार आहे."

मी तिच्या हातातला डाव काढून घेतला. म्हटलं, वहिनी, तू बस आता... माझा हात आधीच खळीत आहे.

आमच्यात एकमेकींना थँक यू म्हणायची पद्धत नाही. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांदेखत.